चिकन म्हणजे काय? एका शब्दावरून कोर्टात गेलेला सौदा

कोंबडीच्या दुकानात आपण नुसतं "एक किलो चिकन द्या" म्हणतो आणि दुकानदार मान वर न करता विचारतो, "बॉयलर की गावरान?" आपण सांगतो, तो तोडायला घेतो, विषय संपला. हाच मधला प्रश्न १९५७ साली न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या सौद्यात पण विचारला गेला होता, त्याला उत्तरही मिळालं होतं, फक्त उत्तर देणारा माणूस वेगळा आणि पैसे मोजणारा वेगळा होता. त्यातून जी केस झाली ती अमेरिकेत कायद्याच्या पहिल्या वर्षाला करार शिकवताना आजही शिकवतात. नाव आहे फ्रिगॅलिमेंट इम्पोर्टिंग कंपनी विरुद्ध बी.एन.एस. इंटरनॅशनल सेल्स कॉर्पोरेशन, निकाल २७ डिसेंबर १९६० चा, आणि निकालपत्राची सुरुवातच अशी आहे की प्रश्न असा आहे, चिकन म्हणजे काय?

मी निर्यातीची कागदपत्रं बघायचं काम करते, म्हणजे खरेदीदाराची ऑर्डर, आपल्या व्यापाऱ्याचं कोटेशन, पॅकिंग लिस्ट, सगळ्यात मालाचं वर्णन एकच आहे ना हे तपासायचं. त्यामुळे ही केस मी दोनतीनदा नीट बसून वाचलीय. बहुतेक लोक ती "बघा, एका इंग्रजी शब्दाचे किती अर्थ असतात" एवढ्यासाठी सांगतात. मला वाचताना वेगळंच दिसलं, की इथे शब्द वापरणारे दोघंही एकमेकांशी बहुतेक जर्मनमध्ये बोलत होते आणि भांडण ज्या शब्दावरून झालं तेवढा एकच शब्द त्यांनी इंग्रजीतून उसना घेतला होता. ते पुढे येईलच, आधी सौदा काय होता ते.

घेणारी कंपनी स्विस. विकणारी न्यूयॉर्कची, आणि ती पोल्ट्रीच्या धंद्यात नवीन होती, हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे. २ मे १९५७ या तारखेचे दोन करार. पहिल्या करारात मालाचं वर्णन असं, की अमेरिकन फ्रेश फ्रोझन चिकन, ग्रेड ए, सरकारी तपासणी झालेलं, आतडी काढून साफ केलेलं, प्रत्येक नग क्रायोव्हॅकच्या प्लॅस्टिकमध्ये वेगळा गुंडाळलेला, निर्यातीला चालतील अशा मजबूत खोक्यांत भरलेला. वजनाचे दोन प्रकार. अडीच ते तीन पौंडाचे नग एकूण ७५,००० पौंड, भाव १०० पौंडाला ३३ डॉलर. दीड ते दोन पौंडाचे नग २५,००० पौंड, भाव ३६.५० डॉलर. आपल्या मापात मोठा नग सव्वा किलोच्या आसपास आणि छोटा साधारण सातशे ते नऊशे ग्रॅम, आणि सगळा मिळून माल ४५ टनांच्या वर. दुसरा करार जवळपास तसाच, फक्त मोठे नग ५०,००० पौंड आणि छोट्यांचा भाव ३७ डॉलर. पहिली खेप १० मे ला निघायची, दुसरी ३० मे ला.

एवढं सगळं लिहिलंय बघा. ग्रेड लिहिली, वजन लिहिलं, प्लॅस्टिक कुठलं ते लिहिलं, खोकं कसलं ते लिहिलं. पक्षी कोवळा की जून, तेवढं राहिलं.

पहिली खेप थोडी कमी भरली, राहिलेला माल १७ मे ला गेला. २८ मे ला स्वित्झर्लंडमध्ये माल बघितला तेव्हा कळलं की अडीच ते तीन पौंडाचे जे नग आहेत ते कोवळे नाहीतच, त्या पूर्ण वाढलेल्या जून कोंबड्या आहेत, ज्यांना तिकडे स्ट्यूइंग चिकन किंवा फाऊल म्हणतात. आणि लपवलेलं काही नव्हतं, बऱ्याच खोक्यांवर आणि पिशव्यांवर तसं स्पष्ट छापलेलं होतं. तक्रारी सुरू झाल्या. तरी दुसऱ्या दिवशी २९ मे ला दुसऱ्या कराराचा माल निघालाच, त्यातही मोठे नग जूनच. तो मग रॉटरडॅमला अडवला गेला.

ज्यांनी अंड्यावरची लेअर कोंबडी घरी शिजवलीय त्यांना यातला फरक सांगायला नको. ब्रॉयलर वीस मिनिटात शिजतो, तव्यावर भाजा, तळा, काहीही करा. लेअरला कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या काढाव्या लागतात, मांस हाडाला धरून राहतं, रस्सा मात्र त्याच कोंबडीचा चांगला होतो. म्हणजे जून कोंबडी वाईट माल आहे असं नाही, पण ज्याला भाजायला-तळायला पक्षी हवाय त्याच्या ती काही कामाची नाही, आणि बाजारात दोघींचा भाव वेगळा असतो. तिथेही वेगळा होता.

स्विस कंपनी कोर्टात गेली. म्हणणं साधं होतं, चिकन म्हणजे भाजायला-तळायला योग्य असा कोवळा पक्षी, तुम्ही दुसरंच काहीतरी दिलंत. न्यूयॉर्कची कंपनी म्हणाली की करारात लिहिलेल्या वजनाचा आणि दर्जाचा, त्या जातीचा कुठलाही पक्षी म्हणजे चिकन. केस आली हेन्री फ्रेंडली यांच्यापुढे. ते खरं तर वरच्या, अपिलाच्या कोर्टाचे न्यायाधीश, १९५९ ला नेमलेले, या केससाठी जिल्हा कोर्टात बसले होते. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की डिक्शनऱ्या दोन्ही अर्थ देतात, शिवाय आणखीही काही अर्थ देतात ज्यांचा इथे संबंध नाही.

ते आणखी अर्थ कुठले हे निकालात नाही, पण आपल्याला माहितीयत. चिकन म्हणजे भित्रा माणूस. आयत्या वेळी कच खाणं म्हणजे चिकन आऊट. कांजिण्यांना चिकनपॉक्स. "ती काही आता स्प्रिंग चिकन नाही" म्हणजे वय झालंय तिचं, आणि या एका वाक्प्रचारात स्विस कंपनीची अख्खी बाजू आलीय असं मला वाटतं, कारण इथे चिकनला कोवळेपणाशी जोडलंय. पण लगेच हेही दिसतं की कोवळं सांगायला चिकनच्या आधी स्प्रिंग लावावं लागलं.

शब्दाचा इतिहास बघितला तर दोघंही बरोबर ठरतात. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता चिकेन, अर्थ पिल्लू, कोंबडीचं लहान पोर. आणि फाऊल हा शब्द तेव्हा होता फुगोल, म्हणजे कुठलाही पक्षी, जर्मनमधला फोगल तो हाच. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये आभाळातल्या पाखरांना फाऊल्सच म्हटलंय. पुढे काय झालं की फाऊल आकसत गेला, आधी सगळे पक्षी, मग पाळीव कोंबडी, मग धंद्यातल्या बोलीत जून कोंबडी. आणि चिकन पसरत गेला, आधी पिल्लू, मग कोवळा पक्षी, मग कुठलीही कोंबडी, मग तिचं मांस. दोन शब्द एकमेकांच्या उलट्या दिशेने चालत आले आणि १९५७ ला अडीच ते तीन पौंडाच्या खोक्यात एकमेकांना भिडले. आपल्याकडे याला तोड म्हणजे तलंग. अजून अंडी न घालणारी कोवळी कोंबडी ती तलंग, गावाकडे आज पण म्हणतात, आणि तलंग म्हणून कोणी जून कोंबडी गळ्यात मारली तर भांडायला जागा आहे. कोंबडी म्हणून मारली तर नाही.

आता उसन्या शब्दाचा मुद्दा.

झालं असं की त्यावेळी न्यूयॉर्कमध्ये जागतिक व्यापार मेळा भरला होता. तिथे चेकोस्लोव्हाक सरकारच्या वतीने आलेला एक माणूस विकणाऱ्या कंपनीच्या सेक्रेटरीला भेटला. काही दिवसांनी त्याने फोन करून विचारलं की स्वित्झर्लंडला पोल्ट्री पाठवण्यात रस आहे का, मग भेटून स्विस कंपनीची २६ एप्रिलची तार दाखवली. त्यात होतं की आम्हाला २५,००० पौंड चिकन हवंय, अडीच ते तीन पौंडाचं, ग्रेड ए, सरकारी तपासणीचं, ३३ सेंटपर्यंत भावाने, उद्या सकाळपर्यंत कळवा. सेक्रेटरीने बाजारात भाव काढला आणि हो म्हणाला. नंतर तारांवर तारा होत माल वाढत गेला आणि करार झाले. या तारा मुख्यतः जर्मनमध्ये होत्या. पण चिकन हा शब्द इंग्रजीच ठेवलेला.

स्विस कंपनीने कोर्टात सांगितलं की हे आम्ही मुद्दाम केलं. जर्मनमध्ये हुन म्हटलं की त्यात ब्राटहुन, म्हणजे भाजायचा, आणि सुपेनहुन, म्हणजे सूपचा, दोन्ही येतात. आम्हाला फक्त कोवळा हवा होता म्हणून आम्ही जर्मन शब्द सोडून इंग्रजी चिकन वापरला, आणि विकणाऱ्या कंपनीच्या लोकांना जर्मन चांगलं येतं, त्यांना हे समजायला हवं होतं.

मला यात स्विस माणसांचा प्रामाणिकपणा दिसतो. आपण हेच रोज करतो. मराठीत चिकन म्हणजे फक्त मांस. "आमच्या परसात चार चिकन आहेत" असं कोणी म्हणत नाही, परसात कोंबड्या असतात, ताटात चिकन असतं. इंग्रजीत मात्र परसात आणि ताटात दोन्हीकडे चिकनच. उसना शब्द मूळ भाषेतलं सगळं बिऱ्हाड घेऊन येत नाही, एकच अर्थ बरोबर आणतो, आपल्याकडे जी जागा रिकामी असते तिथे बसतो, आणि मग आपल्याला वाटायला लागतं की मूळच्या घरी पण त्याचा एवढाच अर्थ असणार. हॉटेल बघा, आपल्याकडे चहा-मिसळ खायला जातो त्याला हॉटेल म्हणतात, इंग्रजीत ती उतरायची जागा. मटण बघा, इंग्रजीत मेंढीचं, आपल्याकडे बकऱ्याचं, आणि गावाकडे तर "कोंबडीचं मटण" सर्रास म्हणतात. आणि बॉयलर तर या केसच्या अगदी जवळचा. आपण ब्रॉयलरचा उच्चार करता करता बॉयलर केला, आपल्या दुकानात बॉयलर म्हणजे कोवळा पक्षी. इंग्लंडमध्ये बॉयलर किंवा बॉयलिंग फाऊल म्हणजे उकडून खायची जून कोंबडी. म्हणजे एखाद्या मराठी व्यापाऱ्याने इंग्रज खरेदीदाराशी फोनवर बॉयलरचा सौदा केला तर हीच केस परत उभी राहील, फक्त उलटी.

(चिकनची आपल्याकडे आणखी गंमत आहे, लखनवी भरतकामाचं चिकन वेगळंच, त्याचा पक्ष्याशी काही संबंध नाही. आणि २००६ साली चिकनगुनियाची साथ आली तेव्हा लोकांना वाटायचं की हा कोंबडीमुळे होणारा ताप आहे, त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू झाला होता त्यामुळे भीतीला आणखी जोर. तो शब्द मूळचा आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, सांधेदुखीने माणूस वाकतो त्यावरून आलेला, आणि पसरवतो डास. नुसत्या नावाच्या सारखेपणाने माणसं काय काय समजून घेतात ते तेव्हा जवळून बघितलं.)

कोर्टात मात्र स्विस कंपनीचा हा मुद्दा टिकला नाही, आणि का टिकला नाही ते ऐकण्यासारखं आहे. विकणाऱ्या कंपनीच्या सेक्रेटरीने साक्षीत सांगितलं की मी त्या मध्यस्थाला विचारलं होतं, कुठल्या प्रकारचं चिकन हवंय? तो म्हणाला, कुठल्याही प्रकारचं. मग मी जर्मनमध्ये विचारलं, तारेत म्हटलंय ते हुन का? तो म्हणाला, हो. म्हणजे स्विस लोकांनी जो शब्द मुद्दाम टाळला तोच त्यांच्या माणसाने होकार देऊन परत आत आणला. स्विस कंपनी म्हणाली की तारेचा अर्थ लावायचा अधिकार त्याला आम्ही दिलाच नव्हता. यावर फ्रेंडलींचं उत्तर मला फार आवडतं. ते म्हणाले की भाव किंवा तारखा बदलायचा अधिकार त्याला नसेलही, पण तुम्ही एकीकडे म्हणता की करारातल्या शब्दाचा अर्थ आम्ही त्याला पाठवलेल्या तारेवरून लावा, म्हणजे ती तार तुमची डिक्शनरी, आणि दुसरीकडे ती डिक्शनरी ज्याच्या हातात तुम्हीच दिली त्याने सांगितलेला अर्थ नाकारता, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

इथे माझ्या कामातलं एक सांगते. परदेशातल्या एका खरेदीदाराकडून स्मॉल अनियनची चौकशी आली. आपल्या व्यापाऱ्याने लगेच गोल्टीचा भाव काढला, कारण लासलगावच्या बाजूला छोटा कांदा म्हणजे गोल्टी, तोच लाल कांदा फक्त आकाराने लहान, आणि तो स्वस्त जातो. भाव बघून खरेदीदार एवढा खूश झाला की मला ते खटकलं. मी दोघांकडून फोटो मागवले. त्याला हवा होता तो दक्षिणेकडे सांबारात घालतात तो लहान कांदा, जात वेगळी, चव वेगळी, भाव कितीतरी जास्त. दोघांच्या कागदावर शब्द तोच, स्पेलिंग तेच. माल निघाला नव्हता म्हणून निभावलं. तेव्हापासून या केसमधला तो मध्यस्थ माझ्या डोक्यातून जात नाही, "कुठल्याही प्रकारचं" असं बोलून गेलेला.

आता साक्षीदार. स्विस कंपनीचा दुसरा मुद्दा होता की धंद्यात चिकन म्हणजे कोवळाच पक्षी समजतात. विकणारी कंपनी धंद्यात नवीन असल्यामुळे इथे अट अवघड झाली, म्हणजे एक तर त्या नवख्याला ही रीत माहीत होती हे दाखवा, नाहीतर रीत इतकी सर्वमान्य दाखवा की माहीत नव्हतं म्हणायची सोयच राहू नये.

पहिला साक्षीदार स्वित्झर्लंडमधल्या सहकारी दुकानांच्या मोठ्या साखळीचा न्यूयॉर्कमधला खरेदीदार. तो ठामपणे म्हणाला की चिकन म्हटलं की मी ब्रॉयलरच समजतो. उलटतपासणीत निघालं की स्वतःच्या खरेदीत तो कधी नुसतं चिकन लिहितच नाही, कोवळं हवं तर ब्रॉयलर लिहितो, जून हवं तर फाऊल. दुसरा साक्षीदार तर अजून रंगतदार, ज्या कंपन्यांनी या जून कोंबड्या पुरवल्या त्यातल्याच एकीचा अधिकारी. तो म्हणाला की चिकनमध्ये ब्रॉयलर, फ्रायर (तळायचा), रोस्टर (भाजायचा) येतात, स्ट्यूइंग चिकन येत नाही. पण त्याच्याकडे चिकनची चौकशी आली तेव्हा त्याने लगेच विचारलं होतं, फाऊल की फ्राईंग चिकन? आणि पुरवले फाऊल. वर करार झाल्यावर एकदोन दिवसांत त्याने विकणाऱ्या कंपनीला सांगितलं की तुमच्या ऑर्डरवर चिकन लिहिलंय ते बदलून स्ट्यूइंग चिकन करून द्या. तिसरा होता पोल्ट्रीचे रोजचे भाव छापणाऱ्या संस्थेतला, तो म्हणाला ब्रॉयलर आणि फ्रायर म्हणजे चिकन. भावपत्रकं पण दाखवली गेली, त्यात चिकन आणि फाऊल वेगळे छापलेले होते, आणि हा पुरावा मला तरी स्विस बाजूचा सगळ्यात भक्कम वाटतो.

दुसऱ्या बाजूने न्यू जर्सीत कोंबड्या साफ करायचा कारखाना चालवणारा एक जण आला. त्याची साक्ष प्रसिद्ध आहे, बदक, हंस आणि टर्की सोडून सगळं चिकन, पण मग तुम्हाला कुठला प्रकार हवाय ते तुम्ही सांगायला पाहिजे.

हे सगळे साक्षीदार एकत्र ठेवून बघा. तोंडाने सांगितलेला अर्थ प्रत्येकाचा वेगळा, पण हाताने केलेलं काम सगळ्यांचं एकसारखं, ज्याचा पैसा अडकलेला होता त्यातला एकही मुरलेला माणूस नुसत्या चिकन शब्दावर थांबला नव्हता, एक तर त्याने पुढचा शब्द लिहिला किंवा विचारून घेतला. आपला दुकानदार "बॉयलर की गावरान" विचारतो तेच. माझ्या मते फ्रेंडलींना निर्णय द्यायला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला असणार, जरी निकालात त्यांनी तो शांतपणे एकेका साक्षीदारापुढे नोंदवून ठेवलाय.

मग सरकारी नियम आले. करारात ग्रेड ए, सरकारी तपासणी असं लिहिलं होतं, म्हणजे अमेरिकन कृषी खात्याच्या नियमांकडे बोट दाखवलेलं होतं. त्या नियमांत चिकन या मथळ्याखाली प्रकार दिलेत: ब्रॉयलर किंवा फ्रायर, रोस्टर, खच्ची केलेला कोंबडा, स्टॅग (वयात येऊ लागलेला नर), हेन किंवा स्ट्यूइंग चिकन किंवा फाऊल, आणि म्हातारा कोंबडा. फाऊल चिकनच्या पोटात, सरळ लिहिलेलं.

आणि भाव. एप्रिल १९५७ च्या शेवटी अडीच ते तीन पौंडाच्या ब्रॉयलरचा भाव पौंडाला ३५ ते ३७ सेंट होता, यावर फार वाद नव्हता. करार ३३ चा. विकणाऱ्याला फाऊल ३० ला मिळत होते. स्विस कंपनी म्हणाली की ३३ हा आकडा ३० पेक्षा ३५ ला जवळ आहे. फ्रेंडलींनी ते फारसं मनावर घेतलं नाही, म्हणाले की विकणाऱ्याने थोडा तरी नफा कमवावा हे तुम्ही गृहीत धरलंच असणार, जाणूनबुजून तोटा खावा अशी अपेक्षा तर नसेल. मी गणित मांडून बघितलं. पहिल्या करारातल्या ७५,००० पौंडात ब्रॉयलर दिले असते तर कमीत कमी भावाने पण १,५०० डॉलरचा खड्डा, फाऊल दिले तर २,२५० डॉलर सुटतात. माझ्या कांद्याच्या प्रकरणात मला जे खटकलं ते पण भावामुळेच, शब्दात दोघांनाही काहीच वावगं दिसलं नव्हतं. बाजारभावापेक्षा कमी आकडा समोरचा आनंदाने मान्य करतो तेव्हा तो बहुतेक वेळा दुसऱ्याच मालाबद्दल बोलत असतो.

एक मुद्दा राहिला, वजनाचा. स्विस बाजू म्हणाली की दीड ते दोन पौंडाचा पक्षी कोवळाच असू शकतो, मग त्याच ओळीत त्याच शब्दाने लिहिलेला मोठा पक्षी पण कोवळाच हवा. ऐकायला पटतं, एकाच ओळीत एका शब्दाचे दोन अर्थ कसे? फ्रेंडली म्हणाले की दोन आकाराच्या सफरचंदांचा करार असेल तर दोन वेगळ्या जातींची सफरचंदं देता येतात, भले त्यातली एकच जात दोन्ही आकारांत मिळत असो. इथे मला थोडं अडखळायला होतं. सफरचंदाच्या जातीत आणि पक्ष्याच्या वयात फरक आहे, आणि छोटा नग जास्त भावाचा, मोठा कमी भावाचा, हे बघून तरी घेणाऱ्याने विचारायला हवं होतं असं उत्तर जास्त चाललं असतं.

निकाल स्विस कंपनीच्या विरुद्ध गेला, दावा खर्चासकट फेटाळला. पण कोर्टाने "चिकन म्हणजे कुठलीही कोंबडी" असं ठरवून टाकलं ही जी गोष्ट पसरलीय ती चुकीची आहे, आणि हे मला कळकळीने सांगायचंय कारण वर्गातसुद्धा कधीकधी तसंच सांगितलं जातं. फ्रेंडली म्हणतात की विकणाऱ्याला मनापासून वाटत होतं की स्ट्यूइंग चिकन देऊन करार पुरा होतो. नुसतं वाटण्याला किंमत नाही, पण ते वाटणं बाहेर दिसणाऱ्या गोष्टींशी जुळलं: डिक्शनरीतल्या एका अर्थाशी, सरकारी नियमाशी, धंद्यातल्या काही लोकांच्या वापराशी, बाजारभावाशी, आणि घेणाऱ्याच्याच माणसाच्या बोलण्याशी. घेणाऱ्याच्या मनात ब्रॉयलर असतीलही, ते ठरवायची गरजच नाही, कारण अरुंद अर्थच ठरला होता हे सिद्ध करायची जबाबदारी दावा लावणाऱ्याची, आणि ती पार पडली नाही. समजा उलटं झालं असतं, पैसे अडवले म्हणून विकणाऱ्याने दावा लावला असता, तर रुंद अर्थ सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर आलं असतं आणि याच पुराव्यावर निकाल फिरूही शकला असता. शब्द तोच, साक्षी त्याच, फक्त कोर्टाची पायरी आधी कोण चढलं यावर सगळं.

फ्रेंडलींना स्वतःलाही हा निकाल पुरता शांत बसू देत नव्हता असं दिसतं. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, डॅडोरियन एक्सपोर्टच्या केसमध्ये बहुमताहून वेगळं मत लिहिताना त्यांनी तळटीपेत या चिकनच्या केसचा विषय काढला आणि म्हटलं की तो निकाल कदाचित दुसऱ्या पायावर जास्त चांगला उभा राहिला असता, म्हणजे दोघांच्या मनात दोन वेगळे अर्थ आणि दोन्ही सारखेच योग्य, तर मुळात करारच झाला नाही.

तो दुसरा पाया आपल्या मुंबईतून आलेला आहे. १८६४ चा इंग्लंडमधला खटला, रॅफल्स विरुद्ध विचेलहाऊस. अमेरिकेत यादवी युद्ध चालू, तिकडचा कापूस बंद, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. सौदा होता १२५ गासड्या सुरती कापसाचा, पौंडाला सव्वासतरा पेन्स, माल "मुंबईहून येणाऱ्या पीअरलेस जहाजातून". मुंबईहून पीअरलेस नावाची दोन जहाजं निघाली, एक ऑक्टोबरात आणि एक डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात ऑक्टोबरचं, विकणाऱ्याने आणला डिसेंबरच्या जहाजातला माल. घेणाऱ्याने नाकारला आणि कोर्टाने त्याची बाजू घेतली.

चिकनलाही तेच लावायचं म्हटलं तर करार नाही, म्हणजे भरपाई मागायचा प्रश्नच नाही. पण पीअरलेसमधल्या घेणाऱ्याने गासड्यांना हात लावला नव्हता, इथे कोंबड्या समुद्रापार जाऊन पोचल्या होत्या आणि विकणाऱ्याने आपल्या समजुतीवर भरवसा ठेवून माल घेऊन, भरून, पाठवूनही टाकला होता, त्यात त्याचं काही गैर नव्हतं. म्हणून, फ्रेंडलींनी त्याच तळटीपेत लिहिलंय, तोटा तरीही स्विस कंपनीकडेच राहिला असता.